करुणा निमगडे वर पोचली होती का?

करुणा निमगडे कुठेही पोचली की आधी कुणाला तरी विचारून खात्री करून घ्यायची. चंद्रपूरहून एसटीने येऊन आमच्या पोंभुर्ण्याच्या स्टँडवर उतरली की समोरच्या चहावाल्याला शांतपणे विचारायची, "भाऊ, पोंभुर्णा हेच ना?" तिचा जन्म इथला, शाळा इथली, घर स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. चहावाला तिला ती फ्रॉक घालायची तेव्हापासून ओळखणारा. तोही गंभीरपणे म्हणायचा, "हेच व बाई, कालपासून इथीच हाय." मग ती मान हलवून घराकडे वळायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला थट्टा वाटली. नंतर वाटलं, हिला काही दुखणं असावं. इतकी वर्षं तिच्यासोबत घालवूनही ते नक्की काय होतं, हे मला सांगता यायचं नाही.

आम्ही एकाच हायस्कूलमध्ये होतो. मी मराठी शिकवते. ती खेळाच्या तासाला होती, तीही कायम नोकरीवर नाही, दरवर्षी नव्याने नेमणूक. उंचीने बेताची, अंगाने काटक, केस घट्ट वेणीत. बोलायची कमी, आणि काहीही विचारलं की उत्तर द्यायला वेळ घ्यायची. "डबा आणला का?" असं विचारलं तरी क्षणभर थांबायची, जणू पिशवीतला डबा डोळ्यांपुढे आणून बघतेय, आणि मग म्हणायची, "हो. आणला असन." स्टाफरूममध्ये तिच्या या थांबण्याची सगळे नक्कल करत. तिला ते माहीत होतं. तिचं काही म्हणणं नव्हतं.

डोंगर तिच्या आयुष्यात आला तो चुकून. आमच्याकडे जंगल आहे, नदी आहे, वाघ आहे. डोंगर म्हणावा असा नाही. शाळेच्या मुलींना गिर्यारोहणाच्या शिबिराला न्यायचं ठरलं आणि सोबत बाई हवी म्हणून करुणाला पाठवलं. मुली खडकाखाली उभ्या राहून घाबरत होत्या, म्हणून त्यांना धीर द्यायला ही चढून गेली. दोर न धरता. शिबिर घेणारे नागपूरचे सर खालून बघतच राहिले. त्यांनी तिला पुढच्या प्रशिक्षणाला हिमालयात पाठवलं आणि दोन वर्षांनी त्यांच्याच मोहिमेत घेतलं. सहा हजार मीटरच्या वरचं एक शिखर होतं. आपल्या दोन जिल्ह्यांतून त्या चमूत दोघीच निवडल्या गेल्या. एक करुणा आणि दुसरी ममता कुमरे, गडचिरोलीकडची, हिच्यापेक्षा लहान, हसरी आणि वाघासारखी ताकदीची. ममताला पोलिसात जायचं होतं. शिखर सर केलं तर भरतीत त्याचा उपयोग होईल असं तिला सांगण्यात आलं होतं, आणि घरी धाकटी भावंडं होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या गेल्या. इकडे चंद्रपूरच्या उन्हात डांबर पायाला चिकटत होतं आणि करुणाची आई, बेबीबाई, मोहफुलं वाळवता वाळवता आल्यागेल्याला सांगत होती, "माही पोरगी बर्फात हाय." मग एक दिवस शाळेच्या ग्रुपवर बातमी आली की दोघी वर पोचल्या.

स्वागत मी विसरू शकत नाही. चंद्रपूरपासून उघडी जीप, मोटारसायकली, पुढे डीजे. गावात प्रत्येक घरासमोर ओवाळणं. करुणाचं नाक उन्हाने सोलून निघालं होतं आणि हारांतून तेवढंच दिसत होतं. शाळेच्या मैदानावर मंडप घातला होता. सूत्रसंचालनाला आमचेच इतिहासाचे सर, जे हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांतून कामं करतात. त्यांनी तिला रणरागिणीपासून हिमकन्येपर्यंत सगळं म्हणून झाल्यावर माईक तिच्या हातात दिला.

ती नेहमीसारखी थांबली. लोकांना वाटलं, गहिवरली. मग ती म्हणाली, "वर ढग होता. काईच दिसत नव्हतं. गाईड म्हणे, टॉप आला. आम्ही थांबलो आन् खाली आलो. पण माह्या एका पायाखालचा बर्फ अजून वर चढत होता. मले वाटते, वर अजून होतं. पोचलो का नाई, मले माहीत नाई."

मंडपात कुणाला टाळी वाजवावी की नाही ते कळेना. इतिहासाच्या सरांनी माईक जवळजवळ ओढूनच घेतला आणि म्हणाले, मित्रहो, याला म्हणतात विनय. मग टाळ्या पडल्या, इतक्या की थांबेनात. करुणा गोंधळून सगळ्यांकडे बघत राहिली. खाली उतरल्यावर तिने मला विचारलं, "ताई, मी काय म्हणाली ते ऐकू नाई गेलं का लोकाईले?"

ऐकू गेलं होतं. ते नागपूरपर्यंत गेलं. दुसऱ्या दिवशीच मोहिमेच्या सरांचा फोन आला. ते स्वतः वरच्या तळावर आजारी पडून राहिले होते, शेवटच्या चढाईला नव्हते. उंची दाखवणारं घड्याळ त्यांच्याच मनगटावर राहिलं होतं. ममताचा मोबाइल थंडीने बंद पडला होता. करुणाने काढलेल्या फोटोत दोन माणसं आणि चहूकडे पांढरं, एवढंच. राहिला गाईडचा शब्द. तो माणूस त्या शिखरावर आधी जाऊन आलेला, आणि तो ठाम होता की तेच टोक. सर तिला म्हणाले, एकतर हो म्हण किंवा नाही म्हण, मधलं काही नसतं. करुणाने त्यांना सांगितलं की दोन्ही खोटं होईल.

मीही तिला समजवायला गेले. म्हटलं, जाणत्या माणसाने सांगितलं ना, मग तू का अडतेस? ती विहारातून येत होती. दर रविवारी ती आईसोबत जायची, तिथल्या लहान मुलांकडून पंचशील म्हणून घ्यायची. ती म्हणाली, "दर रविवारी पोराईकडून म्हणून घेते, मुसावादा वेरमणी. खोटं नाई बोलणार. मंग मी काय करू?"

"पण तू खोटं बोलत नाहीयेस. कदाचित पोचलीही असशील."

"असन ना. मी कुठी नाई म्हणते?"

 तिचं म्हणणं पटतही होतं आणि चीडही येत होती. जी गोष्ट तिला माहीत नाही ती माहीत नाही असं सांगणं, यात न पटण्यासारखं काय होतं? आणि तरी सगळं गाव, शाळा, मी, जणू तिने काहीतरी चोरलं असल्यासारखे तिच्याकडे बघत होतो.

मग ममता आली. गडचिरोलीहून बस बदलत बदलत. बेबीबाईच्या अंगणात दोघी समोरासमोर बसल्या, मी बाजूला. ममता भांडायच्या तयारीने आली होती, पण करुणाला बघून तिला भांडता येईना. तिने एवढंच विचारलं, "करुणाताई, तुले ठाम माहीत नाई ना? मंग गप काऊन नाई राहत?"

करुणाने तिला विचारलं, "तुले काय दिसलं वर?"

"मी कुठी वर पाह्यली? मी पाय पाहून राह्यली होती. पाय चुकला असता तं मेली असती."

 मग करुणाने ठरवलं ते असं. ममताचं ममताला माहीत. गाईडच्या शब्दावर ममताने आपलं शिखर घ्यावं, करुणा त्यात पडणार नाही, कुणाला काही सांगायला जाणार नाही. आपल्यापुरतं मात्र ती नाही घेणार. आणि तिने तसंच केलं. ममताला प्रमाणपत्र मिळालं, पुढे ती पोलिसात लागली. करुणाने आपलं परत पाठवलं. त्या जोरावर तिची नेमणूक कायम होईल असं मुख्याध्यापकांनी कुणाकुणाला सांगून ठेवलं होतं; तेही बारगळलं.

एकाच दोरावर, एकाच ढगात, एकाच ठिकाणी उभ्या राहिलेल्या दोन बायका. त्यातली एक पोचली आणि एक नाही. हे गावाला कसं समजावं? ज्यांनी जीपपुढे नाच केला होता त्यांनी काही दिवसांत निकाल लावला की वर हवा कमी असते, तिच्या डोक्याला लागली. चहावाल्याला "पोंभुर्णा हेच ना" विचारायची सवय तेव्हापासूनची, त्यामुळे लोकांचं आणखीच फावलं. बेबीबाईला बायका हळहळून विचारत, पोरगी आता बरी हाय ना? बेबीबाई म्हणायची, बरीच होती, बरीच हाय.

त्यानंतर करुणाला एक नवं वेड लागलं. जगभरातल्या धाडसी माणसांच्या गोष्टी ती मिळतील तिथून वाचायची, मोबाइलवर ऐकायची आणि पाऊस पडून मैदान बंद झालं की खेळाच्या तासाला वर्गात मुलांना सांगायची. एकदा मी मागच्या बाकावर जाऊन बसले. ती सांगत होती दोन गोऱ्या माणसांची गोष्ट. शंभर वर्षांपूर्वी जगातल्या सगळ्यांत उंच डोंगरावर ती दोघं टोकाच्या जवळ चढताना खालच्या माणसाला शेवटची दिसली, मग ढग आला. ती परत आली नाहीत. पुढे कितीतरी वर्षांनी त्यातल्या एकाचं शरीर बर्फात सापडलं, पण वर जाऊन येताना पडला की जातानाच पडला, ते कुणाला कळलं नाही. वर्गातून प्रश्न आला, "मॅडम, मंग ते पोचले का नाई?" करुणा थांबली आणि म्हणाली, "माहीत नाई." आणि तिने पुढे काही सांगितलं नाही. तास संपेपर्यंत वर्ग दोन बाजूंनी भांडत होता आणि ती खिडकीशी उभी राहून ऐकत होती, खूश होऊन.

तिच्या सगळ्या गोष्टी अशाच. उत्तर ध्रुवावर सगळ्यांत आधी मीच पोचलो म्हणणारे दोघं, जे आयुष्यभर एकमेकांना खोटं ठरवत राहिले, आणि आता लोक म्हणतात की कदाचित दोघंही पोचले नसतील. पृथ्वीला विमानाने फेरी मारायला निघालेली आणि समुद्रावर कुठेतरी हरवलेली बाई. एका दिशेला जायची परवानगी घेऊन उलट्या दिशेला उडालेला, समुद्रापल्याडच्या देशात उतरलेला आणि मरेपर्यंत "माझं होकायंत्र चुकलं" एवढंच म्हणत राहिलेला वैमानिक. हा तिचा सगळ्यांत लाडका. "त्याले इचारलं असन ना कोणी तरी, हे कोणतं गाव म्हणून?" ती मला म्हणायची आणि एकटीच हसायची. नावं मात्र तिला कधीच सांगता येत नसत. "नावं नाई राहत ताई डोक्यात. माणसं राह्यतात."

मुख्याध्यापकांनी तिला बोलावून घेतलं. त्यांचं म्हणणं होतं की मुलांना प्रेरणा मिळेल अशा, पोचलेल्या लोकांच्या गोष्टी सांगाव्यात. शेवट नसलेलं काही सांगू नये. करुणाने त्यांना प्रामाणिकपणे विचारलं की पोचलेल्या माणसाचं मग काय सांगायचं असतं. ते रागावले नाहीत.  

तीन-चार वर्षं गेली. नागपूरच्या काही बायकांचा गट त्याच शिखरावर निघाला होता आणि त्यांना मदतनीस म्हणून अनुभवी बाई हवी होती. करुणाचं नाव कुणीतरी सुचवलं. ती जाताना मला म्हणाली, जाऊन पाहून येते. मी विचारलं, काय? ती म्हणाली, "तेच तं पाहून येते."

या वेळी आकाश स्वच्छ होतं. गटातल्या सगळ्या वर पोचल्या, फोटो आले. करुणा टोकावर उभी होती, मागे निळं आभाळ आणि पायांखाली सगळे डोंगर. शंकेला जागाच नव्हती. ती परत आली तेव्हा स्टँडवर मी आणि बेबीबाई, दोघीच. हार मी चंद्रपूरहून आणला होता, तो घालताना मला लाजल्यासारखं झालं. शाळेत मुख्याध्यापकांनी अभिनंदन केलं आणि जरा गोंधळून म्हणाले, "पण हे तर तुम्ही आधीच चढल्या होत्या ना मॅडम?" चहावाल्याने तर सरळच विचारलं, "दोनदा काऊन चढली व बाई? वर काई विसरून आली होती का?" ढगात उभी राहिली तेव्हा जीप आणि डीजे, आणि खरोखर उभी राहिली तेव्हा हे. मला रडावं की हसावं कळेना. करुणा मात्र हसली, आणि चहावाल्याला म्हणाली, "हो भाऊ, विसरली होती."

मला एकच विचारायचं होतं. तेव्हा जिथे थांबलात ती जागा तुला दिसली का? टोक तेच होतं की आणखी पुढे? पण घरी नातेवाईक होते, मग शाळा सुरू झाली, आणि बोलणं या विषयावर आलं की ती "सांगते मंग" म्हणून टाळायची. करुणा टाळते हेच मला नवीन होतं.

हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी मी तिच्याकडे गेले होते. बेबीबाई लाखोरीची डाळ निवडत होती. तेवढ्यात फाटकातून ममता आली. आता ती जरा भरली होती, कडेवर दीड-दोन वर्षांची मुलगी. सुट्टी काढून आली होती. तिने मुलीला बेबीबाईकडे दिलं, पाणी प्यायली आणि इकडचं तिकडचं न बोलता म्हणाली, "ताई, तू वर जाऊन आली म्हणून समजलं. आभाळ मोकळं होतं म्हणे."

करुणा म्हणाली, हो, मोकळं होतं.

"मंग सांग. आपण पोचलो होतो का?"

ममताचा आवाज शांत होता, पण तिने पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मला तेव्हा कळलं की इतकी वर्षं ही बाई खाकी घालून रोज कामावर जात होती आणि रोज तिच्या पायाखालचाही बर्फ थोडा वर चढत होता. आपण वर्दी खरी घातलीय की खोटी, हे तिला फक्त एकाच माणसाकडून कळणार होतं.

आणि करुणा थांबली नाही. डबा आणला का विचारलं तरी विचार करणारी करुणा लगेच म्हणाली, "पोचलो होतो. तेच टोक. तूही बरोबर होती, गाईडही बरोबर होता. माहंच चुकलं."

 ममताने मूठ सोडली. थोड्या वेळाने तिने बेबीबाईकडून सूप ओढून घेतलं आणि डाळ निवडायला लागली. जेवायला थांबली, दोनदा भात घेतला, मोठ्याने हसली. मुलगी करुणाच्या मांडीवर झोपून गेली.

दुपारी ममताला स्टँडवर सोडायला मी गेले. करुणा घरीच राहिली. मुलीचा झोपेत सुटलेला बूट घेऊन नंतर धावत आली, देऊन परत गेली. बस यायची होती. ममता म्हणाली, "कोणालेही इचारता आलं असतं बाई. गाईडले इचारलं असतं, सराईले इचारलं असतं. पण करुणाताई खोटं नाई बोलत. म्हणून इथी आली."

मी मान हलवली. बस आली आणि ती गेली.

परत आले तेव्हा करुणा अंगणात भांडी घासत होती. मी तिच्या शेजारी बसले. मला विचारायचं होतं की तू त्या नागपूरच्या बायकांबरोबर गेलीस ती वाट तरी तीच होती का. दर वर्षी बर्फ नवा पडतो, सरकतो, मग जागा ओळखू कशी आली. आणि ओळखू आली असेल, तर इतके दिवस मला का सांगितलं नाहीस. ती राखेने पातेलं घासत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, ममताची पोरगी कशी तिच्यासारखीच हसते, नाई का ताई. मी म्हटलं, हो.

त्या हिवाळ्यानंतर करुणा शाळा सोडून उत्तराखंडात गेली. तिथल्या एका प्रशिक्षण केंद्रात आता ती नव्या मुलींना दोर बांधायला शिकवते. उन्हाळ्यात बेबीबाईला भेटायला येते. महिन्या-दोन महिन्यांनी तिचा फोन येतो. तिकडची थंडी, इकडचं ऊन, आईची गुडघेदुखी, असं बोलणं होतं. मी कधी ममताचं नाव काढते, ती आनंदाने चौकशी करते. त्यापुढे मी जात नाही. कधी वाटतं, त्या मोकळ्या आभाळाखाली तिने खरंच ती जागा पाहिली आणि आयुष्यात एकदाच तिला एखाद्या गोष्टीची खात्री पटली. कधी वाटतं, त्या रविवारी सकाळी तिने विहारातली शपथ मोडली आणि मोडताना क्षणभरही विचार केला नाही. दोन्हींपैकी कुठली करुणा मी ओळखत होते, ते मला ठरवता येत नाही.

विचारलं तर ती सांगेल. म्हणूनच मी विचारत नाही.